आरोवानासाठी घरीच जिवंत खाणं वाढवायचं आहे, आमच्या पावसात काय टिकेल?

डिचोलीचा_टँकवाला

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माशांचा टँक ६ बाय २ बाय २ फुटांचा. त्यात एक सिल्व्हर आरोवाना, सध्या १६ इंच, आणि एक टायगर ऑस्कर. चवथीपर्यंत ऑस्कर दोन होते. दर शनिवारी त्यांच्या खाण्यासाठी ५० गप्पी, म्हणजे बारीक मासे, विकत आणायचे आणि पिशवी सरळ टँकात रिकामी करायची, हा दोन वर्षांचा शिरस्ता. चवथीच्या आधी आणलेल्या पिशवीत दोन-तीन गप्पींच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके होते. मला दिसले होते, खोटं कशाला बोलू. पण घरात माटोळी बांधायची गडबड, पाहुणे येऊन बसलेले. म्हटलं, आरोवाना पाच मिनिटांत संपवणार आहे, त्यात बघायचं काय! सहाव्या दिवशी दोन्ही ऑस्कर फिल्टरच्या पाइपला अंग घासायला लागले. विसर्जनाच्या दिवशी मोठा गेला.

आता विकतचे गप्पी बंद. राहिलेला ऑस्कर पेलेट, म्हणजे तयार खाण्याच्या गोळ्या, खातो. आरोवाना मात्र गोळी ओठांना लावतो, थुंकतो आणि माझ्याकडे बघत राहतो.

घरामागच्या पडवीत ४ बाय ३ फुटांची जागा आहे, विहीर आहे, आणि 'झुरळं पाळलीस तर मी भावाकडे राहायला जाते' असं आधीच सांगून ठेवलेली आई आहे. खताच्या खड्ड्यातली गांडुळं देऊन पाहिली, दोघांनीही थुंकली. शेजारचा म्हणतो गोल्डफिश दे, चांगले मोठे असतात, दोन-तीनमध्ये काम होतं. किडे वाढवायचे म्हटलं तर आमच्याकडे पावसात चामड्याच्या चपलांनाही बुरशी येते. तर नेमकं काय वाढवू?

पेट्रोमॅक्स

एवढा विचार कशाला करतोस रे? जूनमध्ये शेतात उतर, बेडकांची पिल्लं बादलीभर मिळतात. फुकट. आरोवाना तुटून पडतो.

कुळागर

पेट्रोमॅक्स बाब, आधी तुमचं बघू. शेतात पहिल्या पावसाला डरांव डरांव करणारा तो मोठा बेडूक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो. पकडला, मारला, विकला, तिन्ही गुन्हेच. 'जंपिंग चिकन' म्हणून चोरून खपतो तोच हा. आणि बादलीत आलेलं पिल्लू त्याचं की दुसऱ्या कुणाचं, हे तुम्हालाही कळत नाही आणि मलाही. खरखरीत कातडीच्या बेडकाची पिल्लं तर विषारी असतात. तेव्हा ते राहू दे.

डिचोलीकर, तुझ्या शेजाऱ्याचा सल्ला मी दीड वर्ष पाळला होता. २००३ ची गोष्ट. माझ्याकडे हाताएवढा ऑस्कर होता, हाक मारली की काचेजवळ येणारा. त्याला मी फक्त गोल्डफिश घालायचो, एक दिवसाआड दोन. मला मोठा अभिमान, बघा कसा राजासारखा खातो. एका सकाळी तो एकाच कुशीवर गोल गोल फिरायला लागला. दुसऱ्या दिवशी तळाला आडवा. काचेवर बोट टेकलं तरी अंगाला झटके. मला वाटलं हीटरमधून पाण्यात करंट येतोय. इलेक्ट्रिशियन बोलावला, त्याने टेस्टर घालून पाहिलं, करंट नाही. चहा पिऊन, पन्नास रुपये घेऊन गेला. ऑस्कर संध्याकाळी गेला.

कारण मला फार उशिरा कळलं. गोल्डफिश, कार्प, आपल्या रोहू-कटलाची बोटुकली, हे सगळे एका गोत्रातले. यांच्या अंगात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते जीवनसत्त्व ब१ मोडून टाकतं. महिन्यातून एखादा खाल्ला तर काही बिघडत नाही. रोज तेच पोटात गेलं की खाणाऱ्याच्या अंगातला ब१ संपत जातो आणि घाव मज्जासंस्थेवर बसतो. गोठवून घालीन म्हणशील तर गोठवल्याने ते जात नाही, शिजवल्यावरच जातं. वर गोल्डफिश चरबट. शेजाऱ्याला सांग, कुंडीत ठेव आणि शोभा बघ.

गप्पी त्या गोत्रातला नाही, ती भीती नाही. पण १६ इंची आरोवानाला गप्पी म्हणजे फुटाणे. त्यात दुकानातल्या ज्या टाकीतून ते येतात तिथे आज या गावचे, उद्या त्या गावचे, हजारभर मासे एका पाण्यात. पांढरे ठिपके निदान डोळ्यांना दिसतात. कॅमालॅनस नावाचा आतड्यातला जंत गप्पीच्या पोटातून येतो. तुझ्या माशाच्या गुदद्वारातून लाल धाग्याची टोकं लोंबायला लागली की मग कळतं.

आता आरोवाना. हा अॅमेझॉनचा मासा. तिकडे पाणी चढलं की जंगलात शिरतं, आणि हा झाडांखालून फिरतो. फांदीवरचा भुंगा, कोळी पाण्याबाहेर उडी मारून उचलतो. तोंडाची ठेवण नीट बघ. दार छताला बसवल्यासारखं वर उघडतं. किडा हे त्याचं घरचं जेवण आहे, मासा वरची चटणी. आपल्याला वाटतं शिकारी म्हणजे मासेच हवेत, कारण पाठलाग बघायला आपल्याला आवडतं.

तुझ्या खड्ड्यातली गांडुळं त्यांनी थुंकली, कारण ती बहुतेक आयसेनिया फेटिडा असणार. बारीक, लालसर, अंगावर फिकट पट्टे. दुखावली की पिवळट, घाण वासाचा रस सोडतात. फेटिडा या नावाचा अर्थच मुळी दुर्गंधीवाली. तुला हवी ती युड्रिलस. चांगली वीतभर, जाड, अंगावर जांभळट झाक. जात आफ्रिकेतली, पण आपल्याकडे गांडूळखत करणाऱ्या कुणाही बागायतदाराकडे मिळेल. आमच्या हवेत २५ ते ३० अंशांत ती खुशीत असते. थंडीच तिला सोसत नाही, आणि थंडी गोव्यात आहे कुठे!

मी फोंड्याच्या बाजूला कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागायतीत, राहतो. माडाखाली अर्धं कापलेलं निळं पिंप आहे, तळाला भोकं पाडलेली. खाली नारळाची सोडणं, त्यावर केळीच्या खोडाचे तुकडे, वर जुनं शेण, सगळ्यात वर ओलं गोणपाट. शेण तीन महिन्यांचं जुनं. ताजं शेण आतून तापतं आणि गांडुळं शिजतात. आणि ज्याच्या गोठ्यातून आणशील त्याला विचार, गुरांना एवढ्यात जंताचं औषध पाजलंय का. पाजलं असेल तर ते शेण नको. पिंप चार विटांवर, विटा पाण्याच्या ताटल्यांत, नाहीतर मुंग्या एका रात्रीत निकाल लावतात. दीड-दोन महिन्यांत गांडुळं अंडी घालायच्या वयाला येतात, मग पिंप चालत राहतं. टँकात घालायच्या आदल्या दिवशी हवी तेवढी काढायची, धुवायची आणि ओल्या वर्तमानपत्रात २४ तास ठेवायची, म्हणजे पोटातली माती तिकडेच पडते.

एक इशारा. या जातीला पळून जायची खोड आहे. पहिल्या वर्षी जूनमध्ये वीज कडाडून पाऊस आला, गोणपाटावर दगड ठेवायचा मी विसरलो. सकाळी पोफळीच्या वाफ्यांतून, पायवाटेवर, नळाखाली, जिथे बघावं तिथे गांडुळं. बायको म्हणाली, तुमची वरात निघालीय. तेव्हापासून मोठ्या पावसाच्या रात्री पिंपावर बल्ब लावून ठेवतो. उजेड असला की ती वर येत नाहीत.

पण गांडूळ बुडतं, आणि आरोवानाची नजर वर. चिमट्यात धरून पाण्याच्या वर हलवावं लागेल. पहिले चार दिवस तो तुझ्याकडे बघेल, पाचव्या दिवशी चिमट्यासकट ओढेल. ऑस्करला असले चोचले नाहीत.

आरोवानाचं रोजचं खाणं म्हणून मी सुपरवर्म सांगीन. झोफोबास नावाच्या काळ्या भुंग्याची अळी, दोन इंचांपर्यंत होते, काही वेळ तरी पाण्यावर वळवळते. हिची एक गंमत आहे. शंभर अळ्या एका डब्यात ठेव, वर्षभर अळ्याच राहतील. गर्दीत ती कोश करतच नाही. एकेकीला वेगळ्या झाकणाच्या डबीत, अंधारात, खाणं न देता ठेवली की आठ-दहा दिवसांत अंग आकड्यासारखं वाकवते आणि कोश होतो. तिथून दोनेक आठवड्यांत भुंगा. मी औषधाच्या रिकाम्या डब्या वापरतो, झाकणाला सुईचं भोक. माझ्या वयाच्या माणसाच्या घरात त्या डब्यांना तोटा नाही. वीसेक भुंगे झाले की कोंड्याच्या टबात सोडायचे आणि दोन आठवड्यांनी उचलून दुसऱ्या टबात. अंडी पहिल्यात राहतात. नाहीतर भुंगे स्वतःचीच अंडी खातात. अळी पूर्ण वाढायला चार-पाच महिने लागतात, हे आधीच सांगतो, नाहीतर डिसेंबरात मला शिव्या घालशील.

कोंडा गव्हाचा. आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, कोंड्याच्या पावाला, आमच्या पोळीला, लावायला आणतो, त्यातलाच किलो-दोन किलो मला देतो. कशाला हवा ते त्याला मी सांगितलेलं नाही. पावसात कोंडा वापरायच्या आधी लोखंडी तव्यावर कोरडा भाजून, थंड करून घालायचा. ओल फक्त गाजराच्या फोडीतून द्यायची, तीही संध्याकाळी घालून सकाळी काढायची. टबात कोंडा चार बोटं, जास्त नको. टबावर झाकण नको, बारीक तारेची जाळी हवी. बुरशी येते ती साचलेल्या दमट हवेतून. एवढं केलंस तर चपलांचं होतं ते किड्यांचं होणार नाही.

आणि सुपरवर्म माशाचं पोट कुरतडून बाहेर येतो, असं कुणीतरी तुला सांगेलच. वीस वर्षं मी त्या अळीची वाट बघतोय.

शेवटी गप्पी. हवेच असतील तर घरचे. पडवीत दोनशे लिटरची टाकी ठेव, बाहेरून आणलेली पहिली तुकडी चार आठवडे तिथेच, लिटरला ३ ग्रॅम जाड मीठ घालून. त्यांची पिल्लं वापरायची, विकत आणलेले थोरले नाहीत. मादी साधारण महिन्याला वीस-तीस पिल्लं देते, चार माद्यांमागे एक नर. गप्पीऐवजी मोली मासा ठेवलास तर अंगाने मोठा मिळतो, पण आपल्या विहिरींचं पाणी जांभ्या दगडातलं, मऊ, थोडं आंबट. मोली त्यात जागच्या जागी डुलत राहतो आणि झुरतो. त्याला उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. तिसऱ्यांचं सुकें झालं की शिंपल्या उकळून, घासून, जाळीच्या पिशवीत भरून टाकीत सोड. पाणी हळूहळू जड होतं. माझ्या टाकीत शिंपल्या पाच वर्षांच्या आहेत.

ओहोळातले, तळ्यातले छोटे मासे मात्र जाळं घालून आणू नकोस. रोग येतात ते एक, आणि डोक्यावर चांदीचा ठिपका असलेली जी बारीक मासळी असते ती डासांच्या अळ्या खाते. मलेरियाच्या कामासाठी गोव्यात तिच्यावर संशोधन झालंय. ती तिथेच बरी.

मडगांव_तिसरा_मजला

काकांनी रातकिडे गाळले, म्हणून मी लिहिते. मी फ्लॅटमध्ये दोन ऑस्कर ठेवते आणि तीन वर्षं रातकिडे वाढवते. प्लॅस्टिकचा उंच, गुळगुळीत डबा, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे. एका वाटीत ओला नारळाचा भुसा, माद्या त्यात अंडी घालतात. २८-३० अंशांत दहा-बारा दिवसांत मुंगीएवढी पिल्लं. त्यांना वाटीत पाणी ठेवू नका, बुडून मरतात, ओला कापूस ठेवा. झाकणाला नायलॉनची जाळी लावू नका. मी लावली होती. त्यांनी कुरतडली. सोसायटीच्या जिन्यात आठवडाभर मैफल चालली होती आणि खालच्या मजल्यावरच्या आजी मला विचारत होत्या, 'बाय, तुझ्याकडेही आवाज येतो गे?' मी म्हटलं, हो ना, पाऊस खूप झाला यंदा.

घालायच्या आदल्या दिवशी त्यांना गाजर आणि शेवग्याचा पाला भरपूर द्या. किडा उपाशी असेल तर माशाच्या पोटात नुसतं टरफल जातं.

दुसरं, जिवंतच हवं हा हट्ट मोडता येतो. माझा मोठा ऑस्कर सहा महिने जिवंत सुंगटांवर, म्हणजे कोळंबीवर, होता, पेलेटला तोंड लावत नव्हता. चार दिवस काही दिलं नाही. मग सुंगटाचा तुकडा आणि त्याच्या मागोमाग लगेच एक गोळी. दोन आठवडे असं. निरोगी, भरल्या अंगाचा मोठा मासा आठवडाभर सहज उपाशी राहू शकतो, आपल्यालाच बघवत नाही. आरोवानाला तरंगणारी गोळी द्या, बुडणारी नको. आणि त्या वयात रोज खायला घालू नका, एक दिवसाआड पुरे.

तारले, बांगडे कापून घालायचा मोह होईल, बाजारातून येताच आहे. मी एकदा घातले. पाण्यावर तेलाचा तवंग आला आणि हॉलला आठ दिवस मासळी बाजाराचा वास.

आणखी एक, रागावू नका. सिल्व्हर आरोवाना तीन फुटांच्या आसपास जातो. दोन फूट रुंदीत त्याला वळायला जमणार नाही. आत्ताच विचार करा.

पेट्रोमॅक्स

बेडकांचं मागे घेतो. पण पहिल्या पावसाला ट्यूबलाइटखाली पंखवाल्या वाळव्यांचा सडा पडतो, त्या तरी चालतात ना? की त्यालाही कायदा आहे?

कुळागर

त्या चालतात. बाकीचे दिवे बंद करायचे, एका दिव्याखाली पाण्याची परात ठेवायची, अर्ध्या तासात मूठभर जमतात. माझा आरोवाना होता तेव्हा त्या संध्याकाळी तो वेडा व्हायचा. टँकाचं झाकण मात्र घट्ट लाव, तो दिव्याकडे उडी मारतो. घरात किंवा शेजारी वाळवीचं औषध मारलेलं असेल तर परात ठेवू नका. सुगीच्या वेळच्या शेतातल्या नाकतोड्यांचंही तेच, फवारणी कधी झाली ते मालकाला विचारल्याशिवाय नाही.

ताईंनी टँकाचं सांगितलं ते बरं झालं, मी भीडेने बोललो नव्हतो. डिचोलीकर, मोठा टँक जमणार नसेल तर तो मासा आत्ताच कुणा मोठ्या टँकवाल्याला दे. मयेच्या तळ्यात वगैरे सोडायचं मनातसुद्धा आणू नकोस. २०१८ च्या पुरात केरळात फार्मांतले अरापैमा नावाचे मोठे परदेशी मासे नद्यांत गेले, लोकांच्या जाळ्यात सापडायला लागले. आपल्याकडे तिलापियाने तळ्यांचं काय केलंय ते तू बघतोसच.

डिचोलीचा_टँकवाला

सगळ्यांना धन्यवाद. दोन महिन्यांनी लिहितोय.

युड्रिलस सत्तरीतल्या एका बागायतदाराकडून आणली, अर्धा किलो. ऑस्करने पहिल्याच दिवशी चार खाल्ली. आरोवानाने चिमटा नवव्या दिवशी ओढला, पाचव्या नव्हे. काका, तुमचा आरोवाना हुशार असावा. पेलेटचं ताईंच्या पद्धतीने चालू आहे. दहातल्या सहा गोळ्या पोटात जातात, चार थुंकतो. चार फूट रुंद टँकाचा भाव काढला आणि दोन दिवस काही बोललो नाही. आता फोंड्यात एकाच्या अंगणात सिमेंटचं मोठं टाकं आहे असं कळलंय, रविवारी बघून येतो.

सुपरवर्म ऑनलाइन मागवले. वीस अळ्या वीस डब्यांत घालून कपाटावर ठेवल्या होत्या. आईला वाटलं माझी सर्दीची औषधं आहेत. काल एक डबी उघडली तिने.

काका, कोश पांढरा असतो आणि हात लावला की वळवळतो, एवढं तरी आधी सांगायचं होतंत.

कुळागर

सांगायला हवं होतं. आई भावाकडे गेल्या का?

डिचोलीचा_टँकवाला

नाही. डबी परत बंद केली आणि विचारलं, याचा भुंगा व्हायला किती दिवस. आज सकाळी बघितलं तर डब्या कपाटावरून काढून चुलीजवळच्या फळीवर ठेवल्यात. म्हणे, तिथे ऊब असते.